पत्रा वाजला, मग पाणी

"माझ्या बापानं खून केला न्हाय," पोरगी दारातूनच म्हणाली. "पण त्यानंच केला, असं सगळ्या गावानं कानानं ऐकलंय."

नीरजानं तिला खुर्ची दिली. धाराशिवात बसस्थानकामागं एका जिन्यावर तिची कचेरी होती. लग्नाआधीच्या चौकशा, विम्याचे खोटे दावे, हरवलेली माणसं, अशी कामं तिच्याकडं यायची. कोपऱ्यात दत्तोपंत पानाचा डबा उघडून बसले होते. ते तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातले, सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. डोकं सावकाश चाले, पण ओळखी फार, म्हणून नीरजानं त्यांना जोडीला घेतलं होतं.

"कानानं ऐकलंय म्हणजे?" नीरजानं विचारलं.

पोरीचं नाव शिवानी. जळकोटच्या बिराप्पा मेंढपाळाची ती थोरली मुलगी. तिनं फोन टेबलावर ठेवला. "हे बघा. समद्यांच्या फोनात हाय. लोक चहा पिता पिता ऐकत्यात."

पडद्यावर काळंपांढरं चित्र होतं. बंद खोली, भिंतीवर मोटारीच्या स्टार्टरची पेटी, पेटीच्या बाजूला एक पाल. कोपऱ्यात तारीख आणि वेळ. मंगळवार, सकाळी सात एक्केचाळीस.

काही क्षण नुसती शांतता. मग बाहेरून पत्र्याचा 'खण्ण' असा आवाज. त्यानंतर पाण्यात काहीतरी जड पडल्याचा. बस्स. पाल जागची हललीसुद्धा नाही.

"हा शेताचा मालक धोंडीबाकाका पडला त्याचा आवाज," शिवानी म्हणाली. "विहिरीच्या कडंला एक लोखंडी पत्रा हाय. त्यावर उभं राहून पाईप बघायचा. त्याच वेळी माझा बाप तिथं मेंढरांना पाणी पाजत व्हता. दोघी बायांनी बघितलं. आदल्या रविवारी दोघांचं भांडण झालेलं, मेंढरं ज्वारीत शिरली म्हणून. पोलिसांनी बापाची काठी जप्त केली. काकाच्या डोक्याला मागून मार हाय म्हणत्यात."

"तुझा बाप काय म्हणतो?"

"तो म्हणतो, कायबी आवाज आला न्हाय." तिचा आवाज खाली आला. "उद्या परवा कोर्टात उभं करणार हायत. वकील म्हणला, कॅमेऱ्यापुढं कुणाचं काय चालतंय."

नीरजानं ती फीत पुन्हा लावली. मग पुन्हा. पाचव्या वेळी तिनं डोळे मिटले.

दत्तोपंतांनी सुपारी कातरायची थांबवली. "काय ऐकताय एवढं?"

"तो ओरडत नाही, पंत. आणि आणखी एक गोष्ट. पत्रा आणि पाणी, या दोघांत फार जागा आहे."

बिराप्पा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. शिवानीला बघून पहिला प्रश्न त्यानं केला तो असा, "मेंढी उठली का गं?"

"उठली. कोकरू बी पितंय."

"सोमवारी दुपारपासनं दिवस मावळंपर्यंत दवाखान्यात बसलो तिच्यासाठी," तो नीरजाला म्हणाला, जणू तीच मुख्य गोष्ट. "गुरांच्या डाक्टरनं लई कष्ट घेतले. आडलीच व्हती. आन् हिकडं हे असं."

"मंगळवारी सकाळचं सांगा."

"रोजचंच. हौदावर मेंढरं नेली. धोंडीबाला हाळी दिली. बोलला न्हाय. म्हणलं, अजून फुगलाय. पाणी पाजलं, गेलो."

"पडल्याचा आवाज?"

"बाई, हौद विहिरीपासनं हितनं त्या दारापतुर. बेडूक पडला तरी कळतंय." त्यानं मान हलवली. "आमी भांडलो व्हतो. पण त्यानं कधी माझ्या मेंढरांचं पाणी तोडलं न्हाय. भांडण वेगळं, पाणी वेगळं."

फौजदार अनिरुद्ध तरुण होता, दमलेला, पण सरळ. नीरजाला तो विम्याच्या एका प्रकरणापासून ओळखत होता. "ताई, मलाही तो म्हातारा आवडतो," तो म्हणाला. "पण कॅमेऱ्याचं घड्याळ मी स्वतः तपासलंय. मिनिटाचा फरक नाही."

"कधी तपासलंत?"

"मंगळवारी दुपारी. पंचनाम्याच्या वेळी."

"आणि डॉक्टर मृत्यूची वेळ काय सांगतात?"

"थंड पाण्यात पडलेला देह. ते म्हणतात, आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत कधीही. मग कॅमेराच धरायचा ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाच्या आत नीरजा आणि दत्तोपंत विहिरीवर पोचले. रस्त्याला लागूनच शेत होतं. एका अंगाला ज्वारी, दुसऱ्या अंगाला आल्याचं पीक. मध्ये धोंडीबाचा आखाडा: दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, गोठा, गोठ्यात एक म्हैस आणि तिचं रेडकू. धोंडीबाचं लग्न झालेलं नव्हतं. तो इथंच राहायचा.

दैवशालाबाई तिथं आधीच आलेल्या होत्या. धोंडीबाच्या मयत भावाची बायको. पन्नाशीच्या, उंच, कोरडे डोळे. त्या आणि मुलगा अमरसिंह गावात राहायचे. रोज सकाळी आठला त्या न्याहारी घेऊन यायच्या आणि म्हशीची सकाळची धार काढायच्या. संध्याकाळची धार धोंडीबा काढायचा, सहाच्या ठोक्याला.

"म्या आले," त्या सांगू लागल्या. "हाका मारल्या. विहिरीत डोकावले, तर चप्पल तरंगत व्हती. अशी, लांब बांबू लावला तर हाताला यावी एवढ्यावर. म्या ओरडले. माणसं जमली. गळ टाकून काढलं त्यांना."

"दोर बराच लागला असेल."

"गळाला लागला. पण चपलीला न्हाय. पाणी वर व्हतं की. सकाळी असतंयच."

"रोज असतं?"

"रातभर झरे भरत्यात. जित्ती विहीर हाय ही. दिवसा मोटार वढती, रातीला भरती." त्यांनी विहिरीकडं बघितलं नाही. "आता तर पाणी उपसून टाकायचं चाललंय. मेलेल्या माणसाचं पाणी पिकाला कसं द्यायचं? रोज दिवसभर वढ्यात सोडतो."

"लाईट कधी असते?"

"ह्या आठवड्यात दिवसा. साडेआठ ते साडेचार. सोमवारपासनं."

म्हैस हंबरली. दैवशालाबाई उठल्या. "ही बी चार दिवस येड्यावानी करती. मंगळवारी तर काय सांगू. कास तटतटून दगडावानी. माणसं विहिरीवर रडत व्हती आन् ही दावं तोडायला निघाली. शेवटाला म्याच बसले. रोज सकाळी चार लिटर देती, त्या दिवशी आठाला टेकली."

"जनावराला कळतं," दत्तोपंत हळहळले. "मालक गेला की जनावरालाही शोक होतो."

नीरजानं विचारलं, "सोमवारच्या संध्याकाळचं दूध कुठं गेलं?"

"अमरनं नेलं. रातीला डबा घेऊन सात वाजता तोच आला व्हता. भाऊजी जेवले म्हणला. दूध त्यांनीच दिलं म्हणं, देवीच्या अभिषेकाला. अमर दोस्तांसंगं तुळजापूरला गेला तसाच. मंगळवार व्हता ना. भाऊजींचं शेवटचं दूध देवीला गेलं. तेवढं बरं झालं."

नीरजा पत्र्याकडं गेली.

पत्रा जाड होता, विहिरीच्या काठावरून हातभर आत आलेला. तिनं दत्तोपंतांना कमरेला धरून त्यावर उभं केलं. त्यांचं वजन पडलं तेव्हा पत्रा दबला, पण वाजला नाही. ते मागं उतरले तसा तो वर उसळला. खण्ण.

"म्हणजे वजन निघालं की वाजतो," ती म्हणाली. "पडायला सुरुवात झाली तो हा क्षण."

तिनं हौदाजवळचा नारळाएवढा धोंडा उचलून पत्र्याच्या कडेवर ठेवला, फोनवर आवाज मुद्रित करायला लावलं आणि धोंडा अलगद लोटला. खण्ण. आणि जवळजवळ लगेच पाणी. तिनं पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा मोजल्या.

"एक सेकंद आणि वर थोडं. एक पूर्णांक एक." मग तिनं शिवानीनं दिलेली फीत तशीच मोजली. "एक पूर्णांक नऊ."

दत्तोपंत हसले. "अहो, धोंडा कुठं, माणूस कुठं. सत्तर किलोचा माणूस!"

"म्हणजे तो आणखी लवकर पडायला हवा की उशिरा?"

"लवकरच की." ते गोंधळले. "पण इथं तर उशिरा पडलाय."

"जड, हलकं, सगळं सारख्याच वेळात पडतं, पंत. एवढ्याशा उंचीत हवा कुणाला अडवत नाही." तिनं एका हातात त्या धोंड्याएवढाच दुसरा दगड आणि दुसऱ्या हातात आवळ्याएवढा खडा घेतला, दोन्ही एकदम सोडले. पाणी एकदाच वाजलं. "अकरावीच्या पुस्तकात एक गणित असतं. सोडून दिलेल्या वस्तूचा सुरुवातीचा वेग शून्य. मग वेळेचा वर्ग करायचा आणि चार पूर्णांक नऊनं गुणायचं. उत्तर मीटरमध्ये. किती खोल, ते कळतं."

दत्तोपंतांनी बोटांवर हिशेब केला. "मग एक पूर्णांक नऊ म्हणजे एक पूर्णांक एकच्या पावणेदोन पट. विहीर पावणेदोन पट खोल. एवढा काही फरक नाही!"

"वर्ग, पंत. वर्ग विसरलात. पडणारी वस्तू वाटेत वेग घेत जाते. पहिल्या सेकंदात पाच मीटर पडते, पण दोन सेकंद मिळाले तर दहा नाही, वीस पडते. आवाज वर यायला लागलेला वेळ मी वजा करते, तोही जेमतेम एका टिचकीएवढा. आत्ता इथून पाणी किती खाली आहे? एकोणीस-वीस फूट. आणि या फितीतलं पाणी?" तिनं फोन खिशात टाकला. "पंचावन्न फूट."

दत्तोपंत वाकून खाली बघू लागले. काळं, गप्प पाणी जवळच होतं. "मग ही फीत दुसऱ्या विहिरीची?"

"पत्रा हाच आहे. आवाज हाच आहे." तिनं त्यांचा दंड धरून त्यांना मागं ओढलं. "विहीरही हीच आहे."

जळकोटात अमरसिंहचं मोबाईल आणि कॅमेऱ्यांचं दुकान होतं. त्यानं दोघांना पंख्याखाली बसवलं, चहा मागवला. तिशीचा, गोरटेला, बोलायला गोड.

"काका म्हणजे बापच होता माझा," तो म्हणाला. "विचारा काय विचारायचं ते. बिराप्पाला सोडवायला आलात, माहीत आहे. पोरगी बिचारी."

"आखाड्यावरचा कॅमेरा तुम्हीच बसवलेला?"

"मीच. बॅटरीवर चालतो, लाईट नसली तरी. केबल चोरतात ना. त्या खोलीत कुणी शिरलं किंवा जोराचा आवाज झाला की तेवढंच मुद्रित होतं. माझ्या फोनवर दिसतं. मंगळवारी तुळजापुरातून परतताना फोन आला आईचा, मग मी ती फीत बघितली. मीच साहेबांना दिली."

"सकाळी कुठं होतात?"

"देवळात. पहाटे पाचपासून नऊपर्यंत रांगेत, अभिषेक, सगळं. तीन दोस्त होते. विचारा."

"पंत तुळजापूरचेच आहेत," नीरजा म्हणाली. "त्यांनी आत्ताच फोन करून विचारलं. होतात तुम्ही."

अमरसिंहनं दत्तोपंतांना हात जोडले. "बघा!"

"अभिषेकाला दूध मात्र तुम्ही तिथल्याच दुकानातून घेतलंत," दत्तोपंत निष्पापपणे म्हणाले. "आमच्या पुतण्याचंच दुकान. पिशवीचं घेतलंत म्हणाला."

"घरचं कमी पडलं," अमरसिंह म्हणाला. त्यानं चहाचे कप पुढं सरकवले.

"विहिरीवर मोटार कोण चालू करतं?" नीरजानं विषय बदलला.

"कोणीच नाही. ऑटो बसवलाय मी. लाईट आली की आपोआप चालू, गेली की बंद. दोन वर्षं झाली, मी स्टार्टरला हात लावलेला नाही. काकाला म्हणायचो, आता विहिरीकडं बघायचीसुद्धा गरज नाही."

"रस्त्यालगतचं ते शेत पेट्रोल पंपासाठी कुणी मागत होतं म्हणे."

"होतं." त्यानं खांदे उडवले. "काका म्हणायचे, मी जिवंत असेपर्यंत विहीर विकायची नाही. जुनी माणसं."

"आता?"

"आता काय, सुतक आहे."

नीरजा उठली. दारात थांबून तिनं विचारलं, "सोमवारी दुपारी तुमचं दुकान बंद होतं का? समोरचा पानवाला म्हणत होता."

"एका गिऱ्हाइकाकडं कॅमेरा बसवायला गेलो होतो."

"कोणत्या?"

"लई गिऱ्हाइकं असतात, ताई. ध्यानात न्हाय." पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यातलं शहर निघून गेलं.

दुपारी सव्वाचारला विहिरीवर माणसं होती. फौजदार अनिरुद्ध, दोन शिपाई, दैवशालाबाई. शिवानी हौदाला टेकून उभी. अमरसिंहला फौजदारानं 'पंचनाम्यात एक सही राहिली' म्हणून बोलावून घेतलं होतं. पाईपातून पाणी ओढ्यात धो धो पडत होतं.

साडेचारला ते थांबलं. अचानक एवढी शांतता झाली की ज्वारीतली पाखरं ऐकू येऊ लागली.

"लाईट गेली," नीरजा म्हणाली. "साहेब, सकाळी पावणेआठलाही लाईट नसते. तेव्हाही ही खोली बंद, स्टार्टर गप्प, चित्र तेच. ज्यानं हे ठरवलं, त्यानं एवढाच विचार केला होता."

तिनं धोंडा पत्र्याच्या कडेवर ठेवला. दत्तोपंतांच्या हातात फोन होता, फीत तयार. "मी सकाळी आठाच्या आत असाच धोंडा टाकला होता. तेव्हा तो या फितीशी जुळला नव्हता. आता ऐका."

"आता!" ती म्हणाली आणि धोंडा लोटला.

फितीतला पत्रा आणि विहिरीवरचा पत्रा जवळजवळ एकदम वाजले. मग वाट बघायला लागावी एवढा वेळ गेला. मग दोन्ही पाणी एकदम वाजलं, एक फोनातून, एक जमिनीखालून.

शिवानीनं तोंडावर हात घेतला.

"सकाळी ह्याच पत्र्यापासून पाणी वीस फुटांवर असतं," नीरजा म्हणाली. "दैवशालाबाईंना मंगळवारी चप्पल बांबूनं ओढता येईल एवढ्यावर दिसली. धोंडीबा सात एक्केचाळीसला पडले असते तर आवाज एका सेकंदात आला असता. फितीत दोन सेकंदांहून थोडा कमी वेळ आहे. तेवढ्या वेळात वस्तू पंचावन्न फूट पडते. दिवसभर मोटार चालून पाणी तेवढं खाली जातं, ते साडेचारला. आत्ता."

फौजदार विहिरीत बघत होता. "तो उडी मारून पडला असेल तर? उडीत आधी वर जातो माणूस. तेवढा वेळ वाढेल."

"वाढेल. मीही ते गणित केलं. वीस फुटांवरच्या पाण्यात पोचायला एवढा वेळ लावायचा, तर साठीच्या माणसाला पत्र्यावरून पुरुषभर उंच उडावं लागेल. आणि ढकललं म्हणाल, तर ढकलणं आडवं असतं. खालच्या दिशेनं वेग शून्यच. वेळ तोच. शिवाय तो ओरडला नाही. डोक्यात मागून मार बसून शुद्ध गेलेला देह लोटला होता."

"म्हणजे सोमवारी दुपारी."

"सोमवारी, मोटार थांबल्याथांबल्या. घड्याळाचे फक्त तास सरकवले असतील, तर चार एक्केचाळीसला. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी पंधरा तास पुढं केलं होतं. काम झाल्यावर पुन्हा बरोबर केलं. तुम्ही मंगळवारी तपासलंत तेव्हा ते बरोबरच होतं. घड्याळ फोनवरून बदलता येतं, आणि ते एकाच फोनवर आहे. त्या वेळी बिराप्पा गुरांच्या दवाखान्यात आडलेल्या मेंढीपाशी होता, दिवस मावळेपर्यंत. डॉक्टर सांगतील. रात्री चप्पल पाण्याबरोबर वर वर येत राहिली. सकाळी ती बांबूच्या टप्प्यात आली होती."

सगळ्यांच्या नजरा अमरसिंहकडं वळल्या. तो हसला.

"दगड टाकून माणूस फाशी देता का, ताई? पाणी रोज सारखं थोडंच असतं? आदल्या रात्री लाईट आली असेल. मोटार ऑटो आहे, चालली असेल रातभर."

"लाईनमनला विचारलंय. सोमवारी रात्री लाईट आली नाही," नीरजा म्हणाली. "पण तुमचं बरोबर आहे. नुसत्या दगडावर विसंबू नका. तुम्ही म्हणता, सोमवारी सात वाजता काका जिवंत होते. जेवले. त्यांनी संध्याकाळची धार काढून दूध दिलं."

"दिलंच."

"मग मंगळवारी सकाळी म्हशीनं दुप्पट दूध कसं दिलं?"

दत्तोपंतांनी हळूच मान वर केली. म्हशीचा तो शोक नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं.

"संध्याकाळची धार निघालीच नव्हती," नीरजा म्हणाली. "सहा वाजता काढणारा माणूस तेव्हा विहिरीच्या तळाशी होता. तुम्ही कधी कासेला हात लावलेला नाही, म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाही. जसं मोटारीला हात लावला नाही, म्हणून पाण्याचं ध्यानात आलं नाही."

"दुप्पट?" अमरसिंह ओरडला. "कोण म्हणतं दुप्पट? मोजलं कुणी?"

फौजदार दैवशालाबाईंकडं वळला. "बाई, हे तुम्हीच सांगितलंत म्हणे. पण तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं त्याचा अर्थ काय. आता कळलाय. जबाबात लिहून घ्यावं लागेल. नाही म्हणायचं असेल तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"आई," अमरसिंह म्हणाला. आवाज अगदी हळू होता. "आई, त्या दिवशी कुणाला शुद्ध होती? तुला काय आठवतंय? चार लिटरच असंल. सांग की."

दैवशालाबाई बसल्या जागी होत्या. त्यांनी मुलाकडं बघितलं. मग हौदाला टेकलेल्या शिवानीकडं. पोरगी त्यांच्याकडं बघतही नव्हती. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती कुणास ठाऊक.

"आज सकाळीच म्या ह्या बाईला म्हणले," दैवशालाबाई म्हणाल्या, "की भाऊजींचं शेवटचं दूध देवीला गेलं, तेवढं बरं झालं." त्या मुलाकडं वळल्या. "देवीला बी खोटंच दिलंस का रं?"

"आई!"

"आठ लिटर, साहेब. चार लिटरची किटली दोनदा भरली. लिवा. कुठं अंगठा करायचा?"

अमरसिंह दोन पावलं मागं गेला. मागं पत्रा होता. शिपायांनी त्याला धरलं तेव्हा त्याचा एक पाय पत्र्यावर होता, तो निघाला तसा पत्रा वाजला. सगळ्यांनी, नकळत, पुढच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही.

"तो कधीच सही करणार नव्हता," अमरसिंह जमिनीकडं बघत म्हणाला. "कधीच. मी दहा वर्षं वाट बघितली."

जीप गेली. धूळ बसायला वेळ लागला.

शिवानी नीरजाजवळ आली. म्हणाली, "बापाला आज सोडतील?"

"आज नाही. उद्या. साहेब कोर्टात स्वतः सांगणार आहेत."

शिवानीनं मान हलवली आणि दैवशालाबाईंकडं बघितलं. जावं की न जावं, ते तिला कळत नव्हतं. दत्तोपंतांनी पानाचा डबा काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"बाई," ते हळू आवाजात नीरजाला म्हणाले, "तिनं चार म्हटलं असतं तर?"

"तर साहेबांना अवघड गेलं असतं."

"आणि तुम्हाला?"

नीरजा विहिरीत डोकावली. खाली, अंधारात, झऱ्यांचं पाणी ठिबकू लागलं होतं.

गोठ्यात म्हैस हंबरली. सहा वाजत आले होते.

दैवशालाबाई उठल्या. गुडघ्याला हात लावून, सावकाश. त्यांनी किटली धुतली, पालथी करून झटकली. शिवानी पुढं झाली आणि न विचारता रेडकाला दाव्याशी धरून उभी राहिली. मेंढपाळाची पोर होती, तिला सांगावं लागलं नाही.

म्हैस दोनदा पाय झाडून पान्हावली. किटलीच्या तळावर पहिली धार वाजली.